बिनभिंतीचं दार

आयुष्यात मी स्वतःच्या डोक्याने एकच बांधकाम केलं. त्याला भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, आणि जमीन होती ती आमची आधीपासूनचीच होती. नुसती एक सागवानी चौकट, तिच्यात दोन फळ्यांचं दार आणि दाराला दोन्ही अंगांनी कडी-कोयंडा. कारंज्याहून कामरगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं ओलिताचं वावर होतं. तिथे भाजीच्या वाफ्यांच्या तोंडाशी हे दार एकटंच उभं असे. एसटीतली माणसं खिडकीतून मान बाहेर काढून बघत आणि कंडक्टर त्यांना सांगे, "हा आमच्या मास्तरचा बंगला." काही दिवसांनी लोक तिकीटच 'बंगल्याचं' मागू लागले.

मास्तर म्हणजे मी. दुष्काळानंतरची ती वर्षं. वाशीम जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आम्ही अकोल्याच्या पदरात होतो. मी प्राथमिक शाळेत शिकवत असे, टेरिलिनची पँट घालत असे, आणि माळ्याच्या घरात शिकलेला पहिलाच असल्यामुळे घरात कोणाला काही कळत नाही आणि मला सगळं कळतं, अशी माझी अगदी प्रामाणिक समजूत होती. वडील वारले होते. वावर पाहायची माझी माय आणि माझी बायको. मी रविवारी हात मागे बांधून वाफ्यांवरून एक चक्कर टाकायचो आणि वांगी बरी आली आहेत असं सांगायचो.

दादा माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. लहानपणापासून तो कोणाच्या तोंडाकडे बघत नसे. बोलणं अगदी मोजकं. तोडून आणलेली वांगी तो लहान-मोठी अशी ओळीने मांडायचा, आणि त्यातलं एक कोणी उचललं की घर डोक्यावर घ्यायचा. आज त्याला स्वमग्नता म्हणतात, ऑटिझम म्हणतात, त्यावर शहरात शिबिरं होतात. आमच्याकडे तेव्हा एकच शब्द होता, बह्याड, म्हणजे वेडगळ, आणि तो सगळ्यांना पुरायचा.

एकदा रस्त्यावरून वरात आली. हलगीवाला वाजवत वाजवत नेमका दादाजवळ येऊन थांबला. दादाने कान दाबले, डोळे मिटले, आणि तरी आवाज थांबेना तेव्हा त्याने हलगी ओढून नाल्यात फेकली. हलगीसोबत हलगीवालाही गेला. त्याचा हात मोडला. फौजदार आले, कोर्ट झालं, आणि कोर्टाने दादाला मोठ्या शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं, तेही धोकादायक माणसांच्या बंद वॉर्डात. हलगीवाल्याचा हात दोनेक महिन्यांत बरा झाला. दादा आठ-नऊ वर्षं आत राहिला.

मी वर्षातून एकदा-दोनदा भेटीला जायचो. त्या वॉर्डात एका दाराच्या आत दुसरं दार, दुसऱ्याच्या आत तिसरं. शिपायाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो जुडगा वाजवायचा, कुलूप काढायचा आणि म्हणायचा, "चला, एक-एक." मग माणसं रांगेने बाहेर. जेवायला तसंच, आंघोळीला तसंच, उन्हात बसायला तसंच. दादासारखे गप्प गप्प असे आणखी दोघे-तिघे तिथे होते. ते रांगेत सगळ्यांत शहाण्यासारखे चालायचे.

मग तिथे नवे डॉक्टर आले. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "तुमचा भाऊ वेडा नाही. तो असाच आहे. आवाज आणि बदल त्याला सोसत नाही. इथे राहून तो बरा व्हायचा नाही, उलट बिघडेल. सहा महिन्यांच्या रजेवर घरी न्या. मी स्वतः येऊन बघेन. कामाला लागलेला दिसला तर कायमचा तुमचा. काही भानगड झाली किंवा नुसता बसून राहिला, तर मला त्याला परत आणावं लागेल. आणि एकदा परत आलेल्या माणसाला पुन्हा सोडायला कोणी धजत नाही."

एवढं ऐकून शहाण्या माणसाने विचार करायला वेळ मागितला असता. पण डॉक्टर पुढे म्हणाले, "तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला जमेल." झालं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो आणि तिथूनच हो म्हणालो.

दादाला घरी आणलं तेव्हा मार्गशीर्ष चालू होता. एसटीत तो कसा चढेल याची मला धास्ती होती. मी त्याला प्रवासाचं महत्त्व समजावून सांगत होतो, तेवढ्यात कंडक्टरने दार धाडकन उघडलं, "चला, चला" म्हणाला, आणि दादा मुकाट चढला. हा माझ्या समजावण्याचा परिणाम, असं मी धरून चाललो.

वावरातल्या आमच्या घराचं दार दिवसभर सताड उघडं असायचं. माय भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायला उभी. दादा उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. माय म्हणाली, "ये रे मोठ्या, आपलंच घर आहे." तो हलेना. मग मी पुढे झालो. इथे कुलूप नाही, शिपाई नाही, आता तू स्वतंत्र आहेस, असं मी त्याला सांगू लागलो. हे भाषण पंधरा ऑगस्टला माझ्या शाळेत चांगलं चालायचं. दादाने ते उभ्यानेच ऐकलं आणि उभाच राहिला. दुपार झाली, मायने ताट बाहेर आणून दिलं, तो उभ्यानेच जेवला. मायच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं.

दिवस कलताना माझ्या बायकोने धुतलेली चादर काढायला घरात तिची पेटी उघडली. किल्ल्या वाजल्या, कुलूप खटकलं आणि ती मला म्हणाली, "चला, हातपाय धुवा आता." दादा सरळ आत आला आणि भिंतीशी बसला.

बायको तोंडाला पदर लावून हसू लागली. "अजी, तुमचं भाषण नाई, त्यायले चाबी समजली."

मी म्हणालो की हे माझ्या सकाळीच लक्षात आलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून घराच्या दाराला कुलूप आलं. मी सकाळी किल्ली वाजवून ते काढायचो, "चला, एक-एक" म्हणायचो, आणि आमचा एकच एक अंगणात यायचा. पण अंगणापुढे सगळं मोकळं. बोरीच्या काट्याचं कुंपण, त्यात जायला-यायला एक खिंड, आणि पलीकडे वाफे. खिंडीला दार नाही, म्हणजे ती उघडणार कोण? दादा तिच्या अलीकडे उभा राहायचा, नाहीतर ओट्यावर बसायचा. विहिरीवरचं इंजन धडधडायला लागलं की भिंतीवर डोकं आपटायचा. मायने भिंतीला गोधडी बांधली. काम नाही, करमणूक नाही. डॉक्टरांनी नेमकं जे नको म्हटलं होतं तेच चाललं होतं.

मग मी पुनर्वसन हातात घेतलं. हा शब्द आमच्याकडे तोवर फक्त धरणात बुडालेल्या गावांना लावत. मी पुठ्ठ्यावर वेळापत्रक केलं: प्रार्थना, व्यायाम, पाटीवर अक्षरं, बोधकथा, आणि शनिवारी मनोरंजन. प्रार्थना मी एकट्याने म्हटली. व्यायामही मी एकट्यानेच केला आणि माझी पाठ धरली. बोधकथा सांगताना दादा माझ्या सदऱ्याच्या गुंड्यांकडे बघत होता. एक गुंडी वेगळ्या रंगाची होती. गोष्टीचं तात्पर्य यायच्या आत त्याने ती उपटली.

शनिवारचं मनोरंजन म्हणून मी काय आणावं? माझ्या शाळेचं लेझीम-पथक. वीसेक पोरं, हातात लेझीम, आणि पुढे हलगी. ज्या हलगीपायी माझा भाऊ इतकी वर्षं कोंडला गेला, तीच मी त्याच्या मनोरंजनासाठी, मुख्याध्यापकांची परवानगी काढून, दारात आणली. पहिला ठोका पडला आणि दादा बाजेखाली शिरला. आत त्याने स्वतःचाच हात चावून रक्तबंबाळ केला. मायने हलगी वाजवणाऱ्याला थांबवलं, सगळ्या पोरांना गूळ-शेंगदाणे देऊन वाटेला लावलं, आणि मग माझ्याकडे वळली.

"तुले कोनं मास्तर केलं रे?" एवढंच म्हणाली. ती रात्रभर बाजेशेजारी खाली बसून राहिली, आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. दादाला परत पाठवायची वेळ आली तर त्याचं कारण मी असणार होतो.

त्यानंतरच्या बाजाराला कारंज्यात गेलो. धान्यबाजारात एका शेटजींचं जुनं दुकान पाडत होते. आमची भाजी त्यांच्या घरी जायची. कांदा, बटाटा, मुळा सोडून काय असेल ते ते घेत, आणि चातुर्मासात पालेभाजीला हात लावत नसत. दुकानाच्या भिंती पाडून झाल्या होत्या, फक्त पुढची चौकट उभी होती. गंमत अशी की चारी बाजू मोकळ्या असूनही हमाल पाठीवर पोती घेऊन वाकून त्या चौकटीतूनच जात होते. मी बघतच राहिलो. मग शेटजींना म्हणालो, "ही चौकट दारासकट मला द्या."

शेटजी खूश झाले. "घर बांधून राह्यला का मास्तर? चांगलं केलं. भाऊ आला, घर पायजेच."

मी हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता.

बैलगाडीत चौकट आली तेव्हा मायला मी बेत सांगितला: ती कुंपणाच्या खिंडीत उभी करायची आणि दादासाठी दार उघडायचं. मला वाटलं आता पुन्हा मास्तरकी निघणार. पण ती म्हणाली, "बसव. पन आता पौष लागला. पौषात चौकट बसवत नसते."

मी म्हणालो, "माय, हे काय घर थोडंच आहे?"

"चौकट आहे ना? मंग पूजा व्हाले पायजे."

डॉक्टरांचे सहा महिने चालू होते, दादा गोधडीच्या भिंतीवर डोकं आपटत होता, आणि आम्ही माघ लागायची वाट पाहत बसलो. मधल्या काळात शेटजींच्या तोंडून बातमी बाजारभर झाली होती: मास्तर घर बांधतो आहे. माघातल्या चांगल्या दिवशी सुतार आला, दोन खड्डे झाले, आणि पाहतो तर माणसं येऊ लागली. शेजारच्या वावरांतले आले, माझ्या शाळेतले गुरुजी आले, शेटजी शेटाणीला घेऊन नारळ-मिठाईसकट आले. मायने पाच सवाष्णींना बोलावलंच होतं. हळद-कुंकू लागलं, आंब्याची डहाळी बांधली गेली, उंबऱ्याखाली तांब्याचा पैसा गेला. सगळं रीतीप्रमाणे, फक्त घर सोडून.

सुताराने हातोडा थांबवून विचारलं, "मास्तर, कडी कोन्या आंगानं ठोकू?"

मी विचारात पडलो. दाराला आत आणि बाहेर असतं. या दाराचं आत कोणतं? घराकडची बाजू आत, तर वावर बाहेर. पण दादाने कामाला जायचं ते वावरात, म्हणजे तेच आत. वीस-पंचवीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटी मी म्हणालो, "दोन्ही अंगांनी ठोक."

सुतार पुटपुटला, "बंगल्याची गोष्टच येगळी."

शेटजी चौकटीभोवती एक प्रदक्षिणा घालून आले. भिंतींच्या पायाची आखणीसुद्धा त्यांना कुठे दिसली नाही. पण माणूस मोठा सभ्य. ते म्हणाले, "पहिले दार, मंग भिंती. कोनी कोनी करते असं." मग गूळ-खोबरं तोंडात टाकून, सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून, शेटाणीला घेऊन घाईने गाडीत बसले.

दुसऱ्या सकाळी मी दादाला घरातून काढलं आणि नव्या दाराशी नेलं. खिंड आम्ही काटे लावून बुजवली नव्हती. दाराच्या डावी-उजवीकडे दोन-दोन पावलं जागा मोकळी होती, त्यातून बकरी सुखाने आत-बाहेर करत होती. मी किल्ली वाजवली, कुलूप काढलं, दार ढकललं आणि म्हणालो, "चला, एक-एक." दादा आत गेला. सरळ गेला, पाण्याच्या दांडाशी बसला, आणि मायने पाणी सोडलं तेव्हा ते कसं चालत येतं हे ओणवा होऊन बघू लागला. संध्याकाळपर्यंत तो फावड्याने एक वाफा फोडून दुसऱ्यात पाणी घेत होता. इंजन धडधडत होतं, त्याकडे त्याचं लक्षसुद्धा नव्हतं. मायने मला हाक मारून ते दाखवलं. मला इतका आनंद झाला होता की मी बकरीला शिंगाला धरून दारातून नेऊन आणलं.

मग माझी ड्यूटी सुरू झाली. सकाळी दार उघडायचं, दुपारी जेवायला उघडायचं, जेवण झाल्यावर पुन्हा, आणि दिवस बुडताना परत आणायला. दादाला किल्लीवाला माणूस बदललेला चालत नसे. बायकोने एकदा करून पाहिलं, तो जागचा हलला नाही. त्यामुळे मी मधल्या सुट्टीत सायकल हाणत घरी यायचो, दार उघडायचो आणि धापा टाकत तिसऱ्या तासाला वर्गात शिरायचो. रिसोडला माझी सासुरवाडी. मेहुणीचं लग्न निघालं, बायको चार दिवस राहून आली, मी गेलो नाही. सासऱ्यांना निरोप काय द्यायचा? मास्तर दार सोडून येऊ शकत नाहीत? बायकोने तसाच दिला.

लोक रस्त्यावरून ओरडायचे, "काहून मास्तर, जेलर झाले का?" मी हसून हात करायचो. आतून मला मोठा अभिमान होता. माझ्यावाचून या माणसाचं पान हलत नाही, ही भावना फार गोड असते. मी तिला पुनर्वसन म्हणत होतो.

वैशाखात डॉक्टरांचा निरोप आला की परवा येतो. आणि माझ्या डोक्यात नको तो प्रकाश पडला. डॉक्टर येणार, आणि पहिली गोष्ट काय बघणार? कुलूप. म्हणणार, इस्पितळातून सोडवून आणला आणि इथे पुन्हा कोंडला. मग आमचं काय ऐकणार?

ते यायच्या आदल्या रात्री मी दार काढायला घेतलं. बायको धावत आली. "अजी, चांगलं चालून राह्यलं ना? काहून काढता?"

"तुला कायद्यातलं कळत नाही," मी म्हणालो. त्या कायद्यातलं मलाही काही कळत नव्हतं. एका शेजाऱ्याच्या मदतीने चौकट उपटली आणि दारासकट कडब्याच्या गंजीखाली सरकवून दिली. एवढे महिने काम केलं आहे, एका दिवसाने काय होतं, असा माझा हिशेब होता.

सकाळी दादा अंगणातून निघून नेहमीच्या जागी गेला. तिथे दोन खड्डे होते. तो खड्ड्यांच्या अलीकडे उभा राहिला. मी किल्ली वाजवली, कुलूप हवेत उघडून दाखवलं, घसा सुकेपर्यंत "चला, एक-एक" म्हणालो. त्याने एक पाऊल टाकलं नाही. पलीकडे पाणी सुटलं, दांड भरला, पहिला वाफा भरून वाहू लागला. दादा ते बघत होता आणि कण्हत होता. मग तो खाली बसला आणि कपाळ जमिनीवर आपटू लागला. माय त्याच्या डोक्याखाली तळहात धरून बसली.

दहाच्या एसटीने डॉक्टर आले. उतरून अंगणात यायच्या आधीच त्यांनी विचारलं, "दार कुठे आहे?"

मी म्हणालो, "कोणतं दार?"

"अहो, कंडक्टर मूर्तिजापूरपासून त्याच दाराची गोष्ट सांगतो आहे. अर्धी गाडी ते बघायला या अंगाला सरकली होती."

मी टेरिलिनच्या पँटच्या खिशात हात घातले, बाहेर काढले. डॉक्टर माझ्या बाजूने पुढे गेले. दादाच्या कपाळावरची माती आणि रक्त त्यांनी पाहिलं. "हा असाच असतो रोज?"

"नाई," माय म्हणाली. "रोज पानी वळवते. आज दार नाई म्हून बसला. ह्यानं गंजीत लपवलं."

"का?"

"तुमच्या भ्यानं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. त्या क्षणी मला वाटलं की संपलं. दादा आजच्याच गाडीने जाणार, पुन्हा ते तीन दरवाजे, आणि मायला हे मी माझ्या हुशारीने करून दाखवलं. मला रडू कोसळलं. पस्तिशीला आलेला माणूस, गावचा मास्तर, मी सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडलो.

"रडू नंतर," डॉक्टर म्हणाले. "आधी ते काढा."

आम्ही चौघांनी गंजीतून चौकट ओढली. बायको आणि माय एका बाजूला, मी आणि डॉक्टर दुसऱ्या. खड्ड्यांत ती उभी केली. डॉक्टरांनी बाह्या सारून ती सरळ धरली, मी माती लोटून पायाने ठोकली, मायने वरून पाणी ओतलं. दार बसलं. मी घराकडच्या अंगाने कडी घातली, कुलूप लावलं, कारण लावल्याशिवाय उघडणार काय? दादा उठून उभा राहिला होता. मी किल्ली वाजवली.

पण माझे हात चिखलाने भरले होते. किल्ली लागेना. उलटी घातली, सुलटी घातली, खाली पडली. उचलून सदऱ्याला पुसली, पुन्हा घातली, पुन्हा अडकली. डॉक्टर बघत होते, माय बघत होती, आणि मी आतापर्यंत शेकडो वेळा उघडलेलं कुलूप मला उघडत नव्हतं.

तेव्हा माझ्या मागून एक हात आला. दादा कोणाला हात लावत नसे, कोणी लावलेला त्याला खपत नसे. त्याच्या बोटांनी माझ्या बोटांतून किल्ली काढून घेतली. त्याने ती कुलपात घातली, फिरवली, कुलूप काढलं. माझ्या सबंध पुनर्वसनात एवढीच एक गोष्ट कामाची निघाली, माझा धांदरटपणा. किल्ली त्याच्या हातात द्यावी हे मला इतक्या महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं. डॉक्टर हळूच म्हणाले की त्यांनाही सुचलं नसतं.

दादा कुलूप-किल्ली घेऊन आत गेला. आम्ही मागोमाग निघालो, तर त्याने दार लोटलं. पलीकडून कडी पडल्याचा आवाज आला आणि मग कुलूप लागल्याचा.

आम्ही चौघं दाराबाहेर. डावी-उजवीकडे दोन-दोन पावलं मोकळी. बकरी आमच्या देखत आत गेली. मी डॉक्टरांना विचारलं, "बाजूने जायचं का?"

"नको," ते म्हणाले. "इस्पितळात त्याच्या खोलीत कोणीही केव्हाही शिरायचं. मीसुद्धा. त्याला कोणी विचारलं नाही." मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "मास्तर, याला परत न्यायचं मला काही कारण दिसत नाही. तो इथेच राहील. तेवढं त्याला सांगून जावं म्हणतो. वाट बघू."

माय मटकन खाली बसली आणि तिने जमिनीला हात लावून कपाळाला लावला. मग घरातून भाकरीचं फडकं घेऊन आली आणि त्या दारासमोर उभी राहिली. "मोठ्या," तिने हाक मारली, "भाकर आनली रे. येऊ का?"

दादाने वाहणारा वाफा बंद केला, पाणी पुढच्यात घेतलं, फावडं बांधावर ठेवलं. परतीची गाडी रस्त्यावरून निघून गेली, डॉक्टरांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मग दादा आला. कुलूप निघालं, दार उघडलं. माय आत गेली. बायको गेली. डॉक्टर चपला काढून गेले. मी पाऊल उचललं आणि दार माझ्या तोंडावर बंद झालं.

मला सगळं दिसत होतं. बांधावर बसून मायने भाकर मोडली, डॉक्टरांच्या हातावर ठेचा ठेवला. दादा पाण्याकडे तोंड करून जेवत होता आणि डॉक्टर त्याच्याकडे न बघता त्याला काहीतरी सांगत होते. दोन पावलं सरकलो असतो तर मी त्यांच्यात होतो. मी उन्हात तिथेच उभा राहिलो. जेवण झाल्यावर दांडात हात धुऊन दादा आला आणि त्याने मला आत घेतलं.